आधीच फुटलेला बांध

२६ मे १९९६, रविवार, दुपारचे तीन. जेवणाचे टेबल पुसून मी त्यावर ड्रॉइंग बोर्ड आडवा ठेवला, ट्रेसिंग पेपरचे कोपरे चिकटपट्टीने बसवले आणि म्हणालो, "सुरू करू."

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. तरी परीक्षांचा मोसम आला, बसथांब्यावर पारदर्शक पिशवीत पेन आणि प्रवेशपत्र धरलेली मुले दिसू लागली, शेजारच्या फणसाचा वास कुंपणावरून आत आला, की ती दुपार आठवते. मी आठवणींत रमणारा माणूस नाही. ही आठवण रमण्यासारखीही नाही.

आमची वसाहत बेंगळुरूत, महादेवपुऱ्याच्या बाजूला होती. सरकारी उपक्रमाची बैठी घरे, निलगिरीची झाडे, पलीकडे एक तळे. उन्हाळ्यात तळे आटे आणि काठाचा चिखल भेगाळून त्याच्या खपल्या होत. माझी मुलगी केतकी त्या खपल्या उलटून पाही. तिला दगडमातीचे वेड होते. लालबागेतल्या खडकावर लोक फोटो काढत, ही पालथी पडून त्यातले पट्टे न्याहाळत असे. खिडकीच्या कट्ट्यावर तिने गोळा केलेले दगड होते आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. झाडणारी बाई कुरकुर करी. त्या वर्षी केतकीची दुसरी पीयूसी, म्हणजे बारावी, संपली होती. तिला पुण्याला जाऊन भूशास्त्र शिकायचे होते. माझ्या बहिणीचे घर तिथे होते, राहायची अडचण नव्हती. अडचण एकच होती: ते मला विचारायचे होते.

मी इंजिनियर. वसाहतीतल्या प्रत्येक घराचा कर्ता इंजिनियर, आणि प्रत्येक घरातले मूल इंजिनियर होणार हे भिंतीच्या रंगाइतके ठरलेले होते. केतकीने माझ्याशी हा विषय काढला नव्हता. आईशी काढला होता. आमच्या घरात विषय आधी आईकडे जात. तिथून माझ्याकडे येण्यासारखे असतील तर येत.

खेळ आणला तो प्रसादने. प्रसाद माझ्या त्याच बहिणीचा मुलगा, संगणकाच्या नोकरीसाठी नुकताच बेंगळुरूला आलेला. इलेक्ट्रॉनिक सिटीत राही आणि रविवारी इथल्या शिवाजीनगरला बस बदलून आमच्याकडे जेवायला येई. अमेरिकेहून आलेल्या मित्राकडून त्याने नियमांचे एक जाड पुस्तक आणि चित्रविचित्र पैलूंचे फासे मिळवले होते. खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने सूत्रधार व्हायचे आणि एक काल्पनिक मुलूख मांडायचा: डोंगर, नद्या, राजे, चेटकिणी. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतो, जमले की फसले ते फासा ठरवतो. शेवटी हाती उरते ती एक गोष्ट, सर्वांनी मिळून घडवलेली. निदान कल्पना तशी.

पहिले काही रविवार प्रसादच सूत्रधार होता. त्याच्या मुलुखात दर थोड्या वेळाने मेजवानी होई आणि राक्षस मध्येच विसरले जात. शेजारची शैला, केतकीच्या वर्गातली, एके दिवशी हात जोडून म्हणाली, "प्रसादअण्णा, तुमच्या कथेत माझी चेटकीण फक्त जेवते. स्वल्प काम द्या तिला." तेव्हा प्रसाद माझ्याकडे वळला. "मामा, तुम्हीच व्हा सूत्रधार. तुम्ही नियमांचा माणूस."

मी पुस्तक घेतले आणि आठवडाभर वाचले. नियम चांगले होते. त्यांत शिस्त होती.

माझा मुलूख म्हणजे एक खोरे. वरच्या बाजूस जुना मातीचा बांध, खाली गाव. नोकरीची पहिली वर्षे मी धरणाच्या कामावर काढली होती, त्यामुळे हे मांडणे सोपे गेले. नकाशा मी समोच्च रेषांसह काढला. उंची दाखवल्याशिवाय नकाशा काढणे माझ्या हाताला माहीत नव्हते. मग कथेचे वेळापत्रक केले. तिसऱ्या रविवारी बांध फुटणार. गाव वाहून जाणार. वाचलेल्यांना घेऊन तिघे डोंगर चढणार, वर त्यांना हरवलेला राजा भेटणार, तिथून पुढची सगळी प्रकरणे सुरू. पुराचे वर्णन मी तीन वेळा लिहून सुधारले होते. ते चांगले उतरले होते, हे आजही म्हणतो.

दोन रविवार रीतसर पार पडले. केतकीच्या पात्राचे नाव गारगोटी. डोंगरवाटा जाणणारी बाई. शैलाची चेटकीण. प्रसादचा योद्धा भीमटोला, ज्याला प्रत्येक समस्येवर गदा हाच उपाय सुचे.

"मामा, ड्रॅगन कुठाय? पुस्तकावर एवढा मोठा छापलाय."

"मंजुरी मिळालेली नाही."

तिघेही हसले. मी हसवण्यासाठी बोललो नव्हतो. पण हसले याचे बरे वाटले. त्या घरात माझ्या बोलण्यावर हसू येण्याचे प्रसंग थोडे होते. केतकी तेव्हा हनुवटी टेबलावर टेकवून नकाशाकडे पाहत बसे आणि मध्येच विचारी, "बाबा, हा ओढा इकडून का वळलाय?" मी कारण सांगे. तिला कारण पटे. इतर वेळी आमचे बोलणे पंखा बंद कर, दार लाव, एवढेच.

आमच्या कार्यालयात आढाव्याची बैठक महिन्यातून एकदा होई. प्रत्येक विभागप्रमुखाला मत विचारले जाई, प्रत्येकजण घसा साफ करून मत देई, आणि इतिवृत्त आदल्या दिवशीच टंकलेखकाकडे तयार असे. यात कुणाला काही वावगे वाटत नसे. माणसांना विचारले की ती कामाला बांधली जातात, हा नियोजन विभागाचा अनुभव होता. मीही अशी इतिवृत्ते तयार केली. निर्णय बहुतेक वेळा योग्यच असत. मत देणाऱ्याचे मत आणि निर्णय यांचा संबंध काय, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

तिसरा रविवार म्हणजे ती २६ तारीख. त्या सकाळी केतकीने आईला सांगितले होते, आज खेळ झाला की मी बाबांशी बोलणार. पत्नीने, सुमनने, ते लगेच माझ्या कानावर घातले. "नीट ऐकून घ्या," ती म्हणाली. मी हो म्हणालो. पुण्याबद्दलही मी हो म्हणणार होतो. आठवडाभर विचार करून ठरवले होते. ती विचारील, मी थोडा वेळ गप्प राहीन, एखाददुसरा प्रश्न करीन, मग परवानगी देईन. प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर होता.

बाहेर ऊन कडक होते. टेबलाच्या कडेला सुमनने रसपुरी आंबे कापून ठेवले होते आणि प्रसादच्या बोटांचा रस नकाशाला लागू नये म्हणून मी ताटली दोनदा दूर सरकवली. गारगोटी आणि मंडळी बांधावर पोचली. मी वर्णन केले: पायथ्याशी पाणी झिरपते आहे, थोडे गढूळ.

केतकीने मान वर केली. "गढूळ?"

"गढूळ."

"म्हणजे आतली माती वाहून चाललीय. बांध जाणार."

मातीच्या बांधातून झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर काळजी नसते, गढूळ झाले की धोका असतो. हे मीच तिला कधीतरी फिरताना सांगितले असेल. मला आठवत नव्हते. तिला आठवत होते.

"पळा," प्रसाद म्हणाला. "भीमटोला गावकऱ्यांना खांद्यावर घेतो. चार-चार."

"थांब रे." केतकी नकाशावर ओणवली. समोच्च रेषांवरून तिचे बोट हळूहळू फिरले आणि डाव्या बाजूच्या खिंडीपाशी थांबले. "ही खिंड बांधाच्या माथ्यापेक्षा खाली आहे. बाबा, इथे खडक कसला?"

मी नकाशा पाहिला. "मुरूम," म्हणालो. खोटे बोलण्याचे कारण नव्हते.

"मग इथे चर खणायचा. पाणी पलीकडच्या ओढ्यात जाईल. बांधावरचा भार उतरेल. गाव हलवायची गरजच नाही."

तो सांडवा होता. मी काढलेल्या नकाशात, मी आखलेल्या रेषांत, गाव वाचवण्याचा मार्ग पडलेला होता, आणि तो मला दिसला नव्हता. सतरा वर्षांच्या मुलीने तो वाचला. मी जागेवर असतो तर मीही हेच सुचवले असते.

फासे पडले. शैलाच्या चेटकिणीने मंत्राने दगड सैल केले, भीमटोल्याने गावकऱ्यांना ओरडून ओरडून कामाला लावले, केतकीच्या फाशावर हवे होते त्याहून जास्त पडले. चर पुरा झाला. पाणी खिंडीतून पलीकडे उतरू लागले. शैला टाळ्या वाजवत होती. प्रसादने आंब्याची कोय भाल्यासारखी वर धरली होती. केतकी काही करत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, पुढे काय होते ते ऐकण्यासाठी.

पूर आला नाही तर राजा भेटत नव्हता. पुढची सगळी प्रकरणे रद्द होत होती.

मी म्हणालो, "सूर्यास्तानंतर जमीन हादरते. भूकंप. बांध फुटतो."

"अय्यो अंकल!" शैला म्हणाली. "माझा मोठा मंत्र एकच होता. तो संपला!"

"मामा, काहीही हं! एवढा चर खणला आम्ही. घाम गाळला. भीमटोल्याची पाठ गेली."

"भूकंप सांगून येत नाही," मी म्हणालो, आणि पुराचे वर्णन वाचायला घेतले. ते पूर्ण वाचले. आवाज मध्ये कुठेही बदलला नाही. संपल्यावर केतकीने विचारले, "बाबा, भूकंप आधी लिहिलेला होता?"

"नाही. पूर लिहिलेला होता."

"म्हणजे बांध फुटणारच होता."

"हो."

"आम्ही काहीही केलं असतं तरी."

"हो."

"सरी," ती म्हणाली. कन्नडमधले 'बरं', भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर म्हणावे तसे. मग तिने फासा माझ्याकडे सरकवला आणि सरळ बसली.

त्यानंतर ती नीट खेळली. गारगोटीने वाचलेल्या लोकांना डोंगरावर नेले, लहानांना पाठीवर घेतले, राजापुढे मान लववली. मी विचारले की उत्तर दिले. एकही सूचना केली नाही. नकाशाकडे पुन्हा पाहिले नाही. प्रसाद आणि शैला काही वेळात चर विसरले आणि राजाच्या दाढीवरून थट्टा करू लागले. कथा वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकली.

अशा कथांत खेळाडूच्या नायकाला खरोखर काही महत्त्व असते का, याचा मी नंतर बराच विचार केला. निवृत्त माणसाला वेळ असतो. माझी कसोटी सोपी आहे: नायक काढून टाका आणि शेवट हलतो का पाहा. माझ्या कथेत हलत नव्हता. तिघे नसते तरी बांध फुटला असता, गाव वाहून गेले असते, राजा डोंगरावर बसून राहिला असता. ज्या कामाला उशीर झाला तरी प्रकल्पाची तारीख बदलत नाही, त्या कामावर आम्ही कधी चांगला माणूस नेमत नसू. मी तिथे माझ्या मुलीला नेमले होते.

त्या पुरात बुडालेली माणसे खरी नव्हती. नुसती बोलण्यातली होती. त्यांच्याबद्दल मला काही वाटण्याचे कारण नाही. तरी वाटते. प्रसादला, शैलाला, केतकीला त्यांच्याबद्दल अपराधी वाटायला नको होते आणि वाटलेही नाही, कारण त्यांच्या हातात काही नव्हते. अपराध कर्त्याचा असतो. त्या खोऱ्यात कर्ता मी एकटा होतो.

केतकी इलेक्ट्रॉनिक्स शिकली, इथेच. तिचे चांगले चालले आहे. वसाहतीच्या जागेपासून जवळच काचेच्या इमारती झाल्या आहेत, त्यांपैकी एकीत ती बसते. तळ्याचा काठ आता दगडी फरशीने बांधून काढला आहे. तिथे चिखल दिसत नाही. ती दुःखी आहे असे मी म्हणू शकत नाही. सुखी आहे का, ते मी विचारलेले नाही. पुण्याला गेली असती तर काय झाले असते याचा अंदाज करणे मला अशास्त्रीय वाटते, आणि दरवर्षी या दिवसांत मी तो करतो.

ती रविवारी येते. सुमन गेल्यापासून न चुकता येते. गेल्या रविवारी जेवण झाल्यावर तिने संगणक उघडला. त्यावर तसलाच एक खेळ होता. डोंगर, किल्ले, ढाल घेतलेली एक बाई. फासे यंत्रच टाकते. मी शेजारी जाऊन बसलो.

"याचा शेवट कोणी ठरवला?"

"बनवणाऱ्यांनी. तीन-चार शेवट असतात, त्यातला एक मिळतो."

"मग तू काय करतेस?"

"मी चालते, बाबा." ती हसली. "कुठल्या गावात थांबायचं, कुणाशी बोलायचं, ते माझं असतं."

"आणि तू त्या गावी गेलीच नाहीस तर?"

"तर गाव थांबतं. आजारी माणूस आजारीच राहतो. मी जाईपर्यंत तिथं काही घडतच नाही. सगळं जग माझ्यासाठी खोळंबलेलं." तिने ढालवालीला एका पुलावर उभे केले. "तुमच्या उलट."

ती रागाने बोलली नाही. ढालवाली पुलावर उभी होती, मागे पाणी वाहत होते, पुन्हा पुन्हा तेच पाणी. माझ्या मनात आले, दोन्ही खेळांत फसवणूक आहे. एकात नायकावाचून काही अडत नाही, दुसऱ्यात सगळेच अडते. माणसाचे खरे वजन यांच्या मधे कुठेतरी असते, आणि ते समोरच्याने ऐकले तरच लागू पडते. हे मी बोललो नाही. दुसरेच बोललो. इतक्या वर्षांत एकदाही बोललो नव्हतो.

"पुण्याला. मी तेव्हा हो म्हणणार होतो."

तिची बोटे थांबली. "माहीत आहे," ती म्हणाली. "आईनं सांगितलं होतं. माझ्या लग्नाच्या वेळी."

"मग विचारायचे होतेस."

"विचारणार होते. काय बोलायचं ते पाठ केलं होतं मी. नदी खडक कसा कापते, तिथून सुरुवात करणार होते." ती पडद्याकडेच पाहत होती. "पण तुमचा हो सुद्धा ठरलेलाच होता ना, बाबा. मी बोलले असते तरी तोच, न बोलले असते तरी तोच. माझं ऐकून आलेला नसता तो."

तिचे गणित बरोबर होते. मी आठवडाभर विचार केला होता खरा, पण त्या आठवड्यात तिला एकदाही बोलावून विचारले नव्हते, तुला दगडांत काय दिसते? परवानगी मी तयार करून ठेवली होती. तिने येऊन मागायची, एवढेच काम तिच्याकडे होते. पूर दिला काय आणि पुणे दिले काय, देणारा तोच आणि देण्याची रीतही तीच.

"चहा टाकू?" तिने विचारले.

"टाक."

स्वयंपाकघरातून तिने विचारले, "साखर?" "अर्धा," मी म्हणालो. तिला माहीत असते. तरी विचारते.

त्या २६ तारखेला संध्याकाळी प्रसाद शेवटची बस चुकू नये म्हणून लवकर निघाला. शैलाला तिच्या आईने कुंपणावरून हाक मारली. आम्ही तिघे जेवायला बसलो. मी गप्प राहून वाट पाहिली. भात झाला, ताक झाले. शेवटी मीच विचारले, "पुढचे काय ठरवले आहेस?"

"तुम्ही म्हणाल ते," केतकी म्हणाली. "इलेक्ट्रॉनिक्स ठीक आहे."

सुमनने माझ्याकडे पाहिले. मी ताकाची वाटी संपवली. तोंडातून एक शब्द काढायचा होता, पुणे. तो निघाला नाही. न मागितलेले देण्याची मला सवय नव्हती.

केतकी शैलाकडे गेल्यावर सुमन म्हणाली, "तुम्हीच म्हणायचं होतं की."

"तिने विचारायला हवे होते."

"दुपारी विचारलं होतं की तिनं," सुमन म्हणाली. "टेबलावर, सगळ्यांसमोर. तुम्ही भूकंप केलात."

ती भांडी घेऊन आत गेली. मी दिवाणाखालची सुटकेस बाहेर ओढली. आदल्या दिवशी शिवाजीनगरला नेऊन तिच्या दोन्ही कड्या बदलून घेतल्या होत्या आणि मूठ नवी बसवली होती. केतकीने ती अजून पाहिली नव्हती. किल्ली मुठीला दोऱ्याने बांधलेली होती, ती तशीच राहू दिली. स्टूल आणले, वर चढलो आणि सुटकेस माळ्यावर, बंद पडलेल्या पंख्याच्या मागे, सरकवून ठेवली.